दोन वत्सलाबाई

२ जून २०२५, बीड
पुण्याहून सकाळी पोचले. स्टँडजवळच खोली मिळाली. घरमालकीण छबुबाईंनी आल्याआल्या गरम धपाटे वाढले. काम मोठं आहे. आमच्या समूहाचा साखर कारखाना, सूतगिरणी आणि दवाखाना. तिन्हींची सॉफ्टवेअर वेगळी, एकाचं दुसऱ्याला कळत नाही. मी सगळ्यांना एका साच्यात आणणार. एक माणूस, एक नंबर, एक नोंद. मजा येणार आहे.

११ जून
दोन वत्सलाबाई सापडल्या. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, जन्मतारीख, सगळं सारखं. एक वडवणीची, सूतगिरणीत कामाला. दुसरी धर्मापुरीची, कारखान्याच्या ऊसतोडीला जाणारी. जुन्या नोंदी सांभाळणारे उत्तरेश्वरकाका म्हणाले, "मॅडम, तारीख ठाव नसली की आमी एक जानेवारीच टाकतो. दोघी येगळ्या हायेत. एकदा फोन तरी करा." शुक्रवारपर्यंत काम संपवायचं होतं. फोन केला नाही. जोडून टाकल्या. काकांच्या लॉगिनवरून केलं, असू दे.

१९ जून
वडवणीच्या वत्सलाबाई काल दवाखान्यात वारल्या. पायाच्या जखमेसाठी पेनिसिलिन दिलं. त्यांना ते चालत नाही, हे सूतगिरणीच्या नोंदीत होतं. जोडताना दुसरीची नवी नोंद वर राहिली आणि ती ओळ गेली.
चौकशीत मी लॉगिन दाखवलं. काकांना घरी पाठवलं. जाताना ते माझ्या खुर्चीच्या मागे बघत होते.

२३ जून
भर दुपारी कीबोर्डवर कापसाचे तंतू. पुसले. परत आले. मागे वळले तर बाई उभी. भुवयांवर कापूस, दंडावर लाल चट्टे. म्हणाली, "तू जोडलंस ना? आता मी सुटत न्हाई."

२४ जून
नोंदी वेगळ्या केल्या. परत एक झाल्या. आता त्यात तिसरं नाव आहे. मनिषा. माझं.
काकांना फोन लावला, चौकशीच्या साहेबांना खरं सांगते म्हटलं. ते म्हणाले, उशीर झाला. कुणी जोडलं, हे तिनं त्यांना येऊन विचारलं होतं. त्यांनी सांगितलं.

२६ जून
पाय सुजलाय. लागलं नव्हतं कुठं, तरी जखम — ताप. छबुबाई विचारत होत्या, मी वडवणीकडचं काहून बोलायलेय. मला तर कळलंच न्हाई —

२७ जून, दवाखाना
छबुबाईंनी आणलं. सिस्टरनी माझा नंबर टाकला. ॲलर्जी: नाही. तेच इंजेक्शन. मी लहानपणी घेतलंय ते, मला चालायचं. पण सुई टोचायच्या आधीच दंडावर चट्टे —
नको म्हणायला तोंड उघडलं. आवाज तिचा आला. "द्या बाई. मला काय होत न्हाई."
सिस्टर हसल्या. सुई भरायल्यात. दंड मी पुढं केला न्हाई, तिनं — डावा हात माझ्या ऐकण्यात न्हाई — उजव्यानं लिवतेय, कुणीतरी वाचा — मी मनिषा हाय, मी वडवणीची न्हाई, मी