देवी धरते

गुरुवार, १२ सप्टेंबर २०२४
आज खडकमाळला पोचलो. मुखेडहून दुपारची एसटी मिळाली, खिडकीची जागाही मिळाली. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत चाललं आहे. हंगाम तोंडावर आहे, म्हणूनच शेठनी मला इथल्या गोदामाच्या देखरेखीला पाठवलं. पन्नाशीला आल्यावर नव्या गावी बिऱ्हाड करायचं म्हणून मनात धाकधूक होती. पण घरमालक आदिनाथमामा स्वतः थांब्यावर आले होते. साठीचे, स्वच्छ कपडे, हळू बोलणं. माझी वळकटी त्यांनीच उचलली, नको नको म्हणत असताना.

घर सिमेंटचं, हिरव्या रंगाचं. माझी खोली पुढे, खिडकी अंगणात उघडते. अंगणापलीकडे अजून एक खोली आहे. तिच्या दाराला पितळी कडी, घासून लखलखीत. मामा म्हणाले, ती आक्काची खोली. आक्का त्यांच्या मयत भावाची मुलगी. माहूरच्या डोंगरावर तिला रेणुकेचं वारं आलं आणि तिथंच तिनं व्रत घेतलं: एक तप बोलायचं नाही, एक तप उंबरा ओलांडायचा नाही. मी लांबूनच हात जोडले.

संध्याकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसलो. परक्या घरात पहिल्या दिवशी मन लागत नाही सहसा. आज लागलं.

शुक्रवार, १३ सप्टेंबर
मंगळवार-शुक्रवार आक्काची ओटी भरतात. सकाळी अंगण बायकांनी भरलं. आक्काच्या खोलीला कमरेइतक्या उंचीवर एक लहान खिडकी आहे, आडव्या गजांची, आतून जाड पडदा. बाया गजांमधून तांदूळ, खण, नारळ आत सरकवतात आणि आतून एक हात येऊन घेतो. चेहरा कुणी पाहिलेला नाही. पाहायचा नसतो, असं शेजारच्या रत्नम्मांनी सांगितलं. त्या मूळच्या देगलूरच्या, बोलण्यात गोडवा आणि धार दोन्ही.

कधी कधी तो हात ओटी घेता घेता मनगटच पकडतो. त्याला इथं ‘देवी धरते’ म्हणतात. जिला धरलं तिचं काम झालंच. मग मामा घंटी वाजवतात, धूप पुढे धरतात, आणि हात सुटतो. रत्नम्मा म्हणाल्या, ‘मला तिनदा धरलंय, अप्पा. ह्या सरपंचीणबाईला एकदाबी न्हाई. लई पावडर लावून येती, देवीला ठसका लागत असंल.’ सरपंचीणबाई मागंच उभ्या होत्या. त्याही हसल्या. चांगली माणसं आहेत.

शुक्रवार, २० सप्टेंबर
वडील सांगायचे, हातातल्या लिंगाशिवाय दुसऱ्या कुणापुढे हात पसरू नये. आज पसरला. शिवकन्येचं लग्न जमत नाही. लातूरला दवाखान्यात नोकरी करते, तिसावं लागलं. मुलीसाठी बाप काय काय करतो.

गजांतून नारळ दिला आणि मनगट धरलं गेलं. हात बारीक, गार, नखं वाढलेली. इतक्या काडीसारख्या हातात एवढा जोर कुठून यावा? मामांनी घंटी वाजवली तरी सुटेना. शेवटी धुपाटणं अगदी खिडकीला लावलं, आत खोकला उठला, तेव्हा सुटला. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. बायांनी माझं मनगट आपापल्या डोळ्यांना लावलं. नखांचे वळ उमटले आहेत. धुवायचं मन होत नाही.

सोमवार, २३ सप्टेंबर
फोन आला. निलंग्याचं स्थळ, मुलगा शिक्षक, शिवकन्या त्यांना पसंत आहे. तिची आई फोनवर रडत होती. मी पेढे आणून मामांच्या हातून आक्काला पाठवले. देवाला जात नसते, ठिकाण नसतं. वडिलांना ते कळलं नाही असं आज वाटलं.

मंगळवार, २४ सप्टेंबर
गावातल्या आशा सेविका पंचशीलाताई तापाच्या पाहणीला आल्या होत्या. मागच्या गल्लीत राहतात. घरात माणसं किती, विचारलं. मी म्हणालो, मामा, मी आणि आक्का. त्यांनी विचारलं, आक्काचं एकतरी कापड वाळत घातलेलं पाहिलं का, आलात तेव्हापासून? मी पाहिलं नव्हतं. पाहायचं सुचलंही नव्हतं.

त्यांनी हे ग्रामसभेतही विचारलं होतं म्हणे. त्यावर बायका म्हणाल्या, तुमच्यात देव न्हाई, तुमाला काय कळतं. मग पुढचे दोन महिने कुणी लेकरांना डोस पाजायला दार उघडलं नाही. तेव्हापासून गप्प आहेत. मला त्यांचं बोलणं आवडलं नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान ठेवावा, एवढंच म्हणालो. त्या म्हणाल्या, ‘हाव, ठेवा की मान. पण दादा, त्या दाराला कडी आतून हाय का बाहेरून, तेवढं बघा.’

कडी बाहेरून आहे. ते तर पहिल्या दिवसापासून दिसतंच आहे.

शुक्रवार, २७ सप्टेंबर
देवाचे आभार मानायला ओटी घेऊन गेलो. मला पुन्हा धरलं. या वेळी ओढलं. माझा हात कोपरापर्यंत आत गेला, खाली नेला, आणि माझी बोटं कशावर तरी दाबली. लोखंड. जाड कडं. त्याच्या खाली कातडी गरम होती आणि ओली. घंटी वाजत होती. धूप आला. खोकला. सुटलो.

दुपारी मामांना विचारलं. ते जराही दचकले नाहीत. म्हणाले, नवसाची बेडी आहे, देवीनं मागितली. लपवण्यासारखं काय? लोहार नागप्पांना विचारा, त्यांनीच घडवली.

नागप्पांकडे गेलो. ते विळ्याला पाणी देत होते. हो म्हणाले, अभिमानानं म्हणाले. पैसा घेतला नाही, सेवा केली. माप मामांनी दोऱ्यावर आणलं होतं. ‘मागच्या साली सैल झाली म्हणले, मग आवळून दिली. व्रतानं बारीक झाली न आक्का.’ आणि मला चहा पाजला.

चहा मी प्यालो.

रविवार, २९ सप्टेंबर
सकाळी आक्काच्या खोलीतून पत्रा बडवल्याचा आवाज. बराच वेळ. गल्लीतून जाणारे थांबले, चपला काढल्या, हात जोडले, पुढे गेले. कुणीतरी म्हणालं, घट बसायचे दिवस जवळ आले, वारं चढणारच. माझेही हात जोडलेले होते. मी ते खाली घेतले, तर माझ्याकडे दोघांनी वळून पाहिलं.

पूजेला बसलो. तळहातावर लिंग होतं आणि मला तिथं ते लोखंडी कडं लागत होतं.

मंगळवार, १ ऑक्टोबर
सकाळची ओटी उरकली आणि मामा नवरात्राच्या सामानाला मुखेडला गेले. अंगणात कुणी नव्हतं. मी खिडकीशी बसलो आणि हळू आवाजात म्हणालो, मी एकटा आहे, बाई, व्रत असेल तर बोलू नका.

ती बोलली. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा. नाव दामिनी. धर्माबादकडची. माहूरच्या यात्रेत गर्दीत आईचा हात सुटला. हेच मामा भेटले, म्हणाले, चल, तुझी आई बसपाशी थांबली आहे. तेव्हा ती नववीत होती. तिनं मला साल विचारलं. मी सांगितलं. आत ती पुटपुटत वर्षं मोजू लागली. रडली नाही.

म्हणाली, सुरुवातीला ओरडायची. ओरडलं की बाहेर आरती सुरू व्हायची. मग मामांनी सांगितलं, तोंडातून शब्द गेला तर जेवण बंद. म्हणून हात धरू लागली. हात धरला तर कुणीतरी विचारील, का धरला.

मी म्हणालो, गावात सांगतो, आत्ताच सगळ्यांना बोलावतो. तिनं माझं बोट घट्ट पकडलं. इथल्या कुणाला सांगू नका, म्हणाली. ते त्यालाच सांगतात. मागे एकीला कानात सांगितलं होतं. ती पुढच्या मंगळवारी नारळ घेऊन आली.

खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितो. त्या क्षणी मला आधी निलंग्याची सोयरीक आठवली. ती मोडेल का, असं मनात आलं. देवा, हे मन कशाचं केलंस.

बुधवार, २ ऑक्टोबर
पहाटे पंचशीलाताईंच्या दारी गेलो. मी काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, ‘बघितली का कडी?’ मग सगळं ऐकलं. शिव्या दिल्या नाहीत, द्यायला हव्या होत्या. पहिल्या बसनं नांदेडला गेल्या, पोलिसांच्या मोठ्या साहेबांना भेटायला. मी मदतीच्या नंबरला फोन लावला. जवळच्या चौकीला कळवतो, माणूस येईल, असं सांगितलं.

माणूस येईपर्यंत तिच्याजवळ एखादी बाई असावी असं वाटलं. इतक्या वर्षांनी दार उघडणार, समोर पुरुषच नकोत. रत्नम्मा मायाळू आहेत. त्यांना सांगितलं. त्या ढसाढसा रडल्या. माझे हात धरले. लेकराचं काय झालं म्हणाल्या, लेकराचं —

दुपारी त्या नारळ घेऊन आल्या. मामांच्या पाया पडल्या. मग दोघं बराच वेळ हळू बोलत बसले होते.

गुरुवार, ३ ऑक्टोबर — घटस्थापना
उठलो तर दार उघडेना. बाहेरून कडी. उशाशी मोबाईल नाही. रात्री कोण आलं असेल?

खिडकीतून मामा बोलले. रागावले नाहीत. म्हणाले, आक्काचं वारं तुमच्या अंगावर आलं आहे, होतं असं साध्या माणसाला. नऊ दिवस आत राहा, उतरेल. रत्नम्मांनी गजांतून दूध-भाकरी दिली. माझ्याकडे पाहिलं नाही. ‘खावा अप्पा. तुमच्याच भल्याचं करून राहिले समदे.’ मी म्हणालो, तुमच्या मनगटावर तीनदा कुणाचा हात होता, रत्नम्मा? त्या घाईनं गेल्या. दुधावर साय आहे. खाववत नाही.

अंगणात मंडप पडला. नागप्पा खांब रोवत होते. मी हाक मारली. त्यांनी हात जोडले — मला. मला का?

शुक्रवार, ४ ऑक्टोबर
गर्दी फार. दुसऱ्या गावांहूनही लोक आले आहेत. सकाळपासून ती ओरडते आहे. जेवणाची भीती सोडली तिनं. स्वतःचं नाव घेते — दामिनी, मी दामिनी, धर्माबादची दामिनी —

आधी सगळे गप्प झाले. मला वाटलं, आता कळलं. आता कुणीतरी कडी काढील. सरपंचीणबाई रडत पुढे झाल्या, खिडकीपाशी डोकं टेकलं आणि म्हणाल्या, देवीनं मौन सोडलं. आपलं नाव सांगितलं.

मग एकीनं म्हटलं, मग दहाजणींनी. दामिनी माता. सगळं अंगण म्हणतंय. टाळ्या. तिचा आवाज त्यात ऐकू येईना — ती तेच म्हणते आहे, तेच ते म्हणताहेत —

मी गज हलवले. ओरडलो. माणूस आहे ती. पोरगी आहे. माझ्याकडे पाहून एका बाईनं लेकराचा माथा माझ्या बाजूला झुकवला.

पंचशीलाताईंचा पत्ता नाही. नांदेड लांब आहे. येतील. त्या येतील.

दुपार
जीप. खाकी. देवा, आली. मुख्य जमादार पुढे, मागे दोघे. गर्दी बाजूला होते आहे. मामा ओट्यावरून उठले, चेहरा पडला आहे त्यांचा — पहिल्यांदाच पाहतो. ती ओरडते आहे अजून. जमादारांनी ऐकलं. थांबले. आक्काच्या दाराकडे, कडीकडे बघताहेत, हो, तीच, बाहेरची कडी, तीच काढा साहेब —

टोपी काढली त्यांनी.

खाली वाकले. पायांशी. काय करताहेत — बूट — बुटांची नाडी सो