दोन तपकिरींना काळं पिल्लू होत नाही

३ फेब्रुवारी, सकाळ
रंगांची जनुकं तयार. चित्रकारबाईंनी आत्ताच फोनवर दुजोरा दिला : काळी, तपकिरी, पिवळसर, ठिपक्यांची, सगळ्या पिल्लांची चित्रं झाली. आता माझ्या मोबाइलवरच्या खेळातली कुत्र्यांची पिल्लं खऱ्या पिल्लांसारखी आईबापांवर जाणार. इतकी वर्षं पिल्लाचा रंग मी फासा टाकून ठरवत होतो. लाज वाटते.
संकल्प : १५ला अपडेट. रोज चालणे. रविवारी बाबांकडे जाणे.

७ फेब्रुवारी
चाललो नाही. बूट चावतात.
ताईचा फोन. आई गेल्यापासून बाबांकडे किती वेळा गेलास, असं विचारत होती. म्हटलं, रोज भेट होते. खोटं नाही. बाबा आईच्या खात्यावरून रोज सकाळी आठला खेळात येतात, डांबरला खाऊ घालतात, जातात. इकडे माझ्या स्क्रीनवर हिरवा दिवा लागतो. दिवा लागला म्हणजे तब्येत ठीक. ताई म्हणाली, "आणि दिव्याला जेवलास का म्हणून विचारतोस वाटतं?" ताईला टेक्नॉलॉजी कळत नाही.
डांबर हे आईचं पिल्लू. ती अंथरुणाला खिळली तेव्हा वेळ जावा म्हणून मी तिला खेळ लावून दिला होता. तिच्या दोन तपकिरी कुत्र्यांना हे एक काळंकुट्ट झालं. "कोणावर गेलाय मेला!" म्हणून ती इतकी हसली, की खोकल्याची उबळ आली समजून बाबा स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला घेऊन धावले.

१२ फेब्रुवारी
अडचण. जुन्या वंशावळी तपासल्या. बरीच पिल्लं अशक्य निघाली. काळा रंग जोरकस असतो, पिल्लात असेल तर आईबापांपैकी एकात तरी दिसायलाच हवा. दोन तपकिरींना काळं पिल्लू होत नाही. कुठलंही पुस्तक काढा.
चित्रकारबाई म्हणाल्या, जुन्यांना हात लावू नका, लोकांचा जीव असतो त्यांच्यावर. म्हटलं, बाई, शास्त्रात वशिला चालत नाही. चुकीची पिल्लं एका झटक्यात दुरुस्त करणारा प्रोग्रॅम लिहिला. फार देखणा झालाय.

१५ फेब्रुवारी
अपडेट गेलं. काहीही कोसळलं नाही. बाबांकडचा हाही रविवार हुकला. असल्या दिवसांत घरचे समजून घेतात.

१७ फेब्रुवारी
मोठी बातमी! बाबा, जे खाऊ घालून पाच मिनिटांत निघून जायचे, ते काल सकाळभर खेळात होते. आजही. बाजार, नदीकाठ, बेवारशी कुत्र्यांचं घर, सगळीकडे फिरले. काही ठिकाणी तर परत परत. म्हणजे जनुकांनी त्यांनाही ओढलं! एवढं गुंतलेलं मी त्यांना माझ्या कुठल्याच कामात पाहिलं नव्हतं.
बाईंना कौतुकाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "काही शोधत नाहीत ना, बघा एकदा." काही लोकांना दुसऱ्याचं यश पचत नाही.

२० फेब्रुवारी
बाबांनी खेळातल्या फलकावर चिठ्ठी लावली आहे. जशीच्या तशी :
"काळा कुत्रा हरवला आहे. नाव डांबर. लाजाळू आहे, हाक मारल्यावर लगेच येत नाही, जरा थांबावं लागतं. आमच्याकडे कोणीतरी चुकून एक तपकिरी कुत्रा सोडून गेलं आहे. त्याला मी खाऊ घालतो आहे. ज्यांचा असेल त्यांनी न्यावा."
खेळात 'हरवले-सापडले' असा नवा विभाग काढायला हरकत नाही. टिपून ठेवलं.
संध्याकाळी ताईचा फोन. "बाबांचा कुत्रा कुठे घातलास रे?" म्हटलं, कुठेही नाही, घरातच आहे, फक्त दुरुस्त झालाय. म्हणाली, "तू कधी होणार?" आणि ठेवून दिला.

२२ फेब्रुवारी, रविवार
बाबांकडे गेलो. (संकल्प पूर्ण.) पाकिटाच्या पाठीवर जनुकांचे चौकोन काढून सगळं समजावलं. बाबांनी चष्मा पुसून नीट ऐकलं. मी एवढा वेळ बोललो आणि त्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही, असं बऱ्याच वर्षांनी झालं.
शेवटी विचारलं, "म्हणजे आपला डांबर कधी झालाच नव्हता?"
म्हटलं, शास्त्राप्रमाणे, नाही.
"मग ती हसली ते कशाला?"
हा प्रश्न जनुकांचा नाही, असं मी नम्रपणे सांगितलं. मग बाबांनी चहा केला. साखर घालायला विसरले. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी तसाच प्यायलो.

२३ फेब्रुवारी
वयस्कर माणूस आहे, तत्त्वाला थोडी मुरड घातली. डांबरपुरता नियम सैल केला आणि त्याला पुन्हा काळा केला. एका ओळीचं काम. लगेच बाबांना फोन करून बघायला लावलं. मग म्हणाले, "छान रंगवलायस."
माझ्या कामाचं कौतुक बाबा सहसा करत नाहीत. दिवस चांगला गेला.

२ मार्च
हिरवा दिवा लागत नाही. आज नाही, काल नाही, त्याच्या आधीही नाही. सर्व्हर तपासला. ठीक आहे. दिव्याचा कोड पुन्हा लिहिला. तोही ठीक आहे.
ताईला विचारलं. बाबा बरे आहेत म्हणाली. सकाळी आठला आता खिडकीशी बसतात. तिने खेळाचा विषय काढला तर म्हणाले, "तो आता त्याचा कुत्रा आहे. तोच बघेल." मी विचारलं, चिडले होते का? नाही म्हणाली. चिडले असते तर बरं झालं असतं, असंही म्हणाली. ताईचं बोलणं कधीच सरळ नसतं.
काळजीचं कारण नाही. आठवडाभर कोणी फिरकलं नाही की खेळ आपोआप पत्र धाडतो. उद्या सकाळी आठला बाबांच्या फोनवर जाईल. खातं आईचं, त्यामुळे वर तिचं नाव पडेल आणि खाली : "डांबर दाराशी बसून आहे. तुम्ही परत कधी येणार?"
मजकूर माझाच आहे. वाचून भलेभले परत आलेत.