अक्षरं वाचायचा टीव्ही

४ मार्च
कॉम्प्युटरचा मॉनिटर गेला. आधी डोळे मिचकावले, मग मिटलेच. यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करून पोट भरणारा माणूस मी – हातात अर्धवट काम आणि समोर काळोख!
मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, मॉनिटर नको. मोठा एचडी टीव्ही घ्या, कॉम्प्युटर त्यालाच जोडा. तुमच्या डोळ्यांना बरं. आणि मीही नीट दिसेन." तिची आई गेल्यापासून हुकूम तीच सोडते. बरं वाटतं. सांगत नाही.

५ मार्च
दुकानातल्या झाडून सगळ्या टीव्हींवर पोपट. म्हटलं, पांढऱ्यावर काळी अक्षरं दाखवा. दुकानदार म्हणाला, "काका, टीव्ही बघायचा असतो. वाचताय कशाला?"

६ मार्च
आज कॉम्प्युटरच गाडीत घालून नेला. पहिल्या टीव्हीवर चित्राच्या कडा कापल्या जात होत्या. 'चालू असताना झाकण उघडायचे नाही' – त्यातला 'नाही' गायब. माणसं मरायची! दुसऱ्यावर माऊसचा बाण हातामागून रमतगमत यायचा, कामचुकार कारकुनासारखा. तिसरा मात्र नामी. अक्षरं जणू आत्ताच छापलेली.
तेवढ्यात मागून आवाज, "तो माझा आहे. पावती झालीय."
पांढऱ्या केसांच्या बाई. दातांच्या डॉक्टर होत्या, आता कॉम्प्युटरशी बुद्धिबळ खेळतात. दुकानात तो एकच नग. मी वाद घालू लागलो, तर म्हणाल्या, "जन्मभर भल्याभल्यांना आ करायला लावून गप्प बसवलंय मी."
कॉम्प्युटर उचलला, घरी आलो. जेवलोही नाही.

९ मार्च
दुकानदाराचा फोन. डॉक्टरीणबाईंच्या टीव्हीवर पटाच्या कोपऱ्यातले हत्ती अर्धेच दिसतात. "तुम्ही पुस्तिकावाले ना काका, जरा बघता?"
जरा खुशीतच त्यांच्या घरी गेलो, खोटं कशाला लिहू. तार भलत्याच खाचेत होती. कॉम्प्युटरची खाच वेगळी असते, पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय. पुस्तिका पिशवीतून काढलेलीही नव्हती.
"मी दात काढायला कधी पुस्तिका वाचली नाही," त्या म्हणाल्या. मग दोघांनीही दात काढले.

१३ मार्च
काम तुंबलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचा कॉम्प्युटर इथेच आणून जोडा. दुपारी मी झोपलेली असते."
नेला.

१४ मार्च
त्या झोपत नाहीत. खुर्चीमागे उभ्या राहून शब्द सुचवतात. "'कळ दाबा' काय? 'बटण दाबा' लिहा. कळ आली की लोक माझ्याकडे यायचे." बदललं. त्यांचंच बरोबर होतं.

२ एप्रिल
दुकानदाराचा फोन – तसाच टीव्ही पुन्हा आलाय. म्हटलं, घाई नाही.

११ एप्रिल
मुलगी विचारते, टीव्ही घेतला का? "बघतोय," म्हटलं. खोटं नाही. रोजच बघतोय.

३० एप्रिल
डॉक्टरीणबाईंना ताप. गेलो नाही. घरी टेबलाशी बसून राहिलो. मॉनिटर होता तिथे चौकोन तेवढा उजळ, बाकी धूळ. एकाच माणसाचा आवाज घरात किती मोठा ऐकू येतो – खोकलो तर दचकलो.
संध्याकाळी पेज करून घेऊन गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मीठ विसरलात." सगळी प्यायल्या.

९ जून
मुलीशी बोललो, मोठ्या पडद्यावर. खूश झाली. "घेतलात एकदाचा. पण बाबा, ही भिंत आपली नाही."
"टीव्ही नाही घेतला गं," म्हटलं. "लग्न करतोय."
तिने मान वाकडी करून माझ्या खुर्चीमागे बघितलं. मग म्हणाली, "जरा बाजूला सरका. मला त्या दिसत नाहीयेत."