टोपाच्या पेटीतला चहा

प्लिमथ,
मंगळवार, १३ सप्टेंबर १७७४

प्रिय अबायाताई,

तुला आणि मुलींना पोटभर माया. इथे सगळे बरे. सफरचंदं यंदा उदंड आलीत. भाऊजींचा खोकला कसा आहे? विचारायला तोंड नाही, तरी विचारते.

काल पाद्रीबाबांच्या अंगणात सूतकताई होती. इंग्रजी कापड नको, म्हणून हल्ली सगळ्याच बायका चरखा घेऊन येतात. राजाचा कर नको, म्हणून चहाही सोडलाय. त्याऐवजी रास्पबेरीच्या पानांचा काढा. शी, काय घाण लागतो! कातता कातता एकीने दोन आठवड्यांपूर्वीचं वर्तमानपत्र वाचायला घेतलं. त्यात ते बिननावी नाटुकलं होतं. इंग्लंडच्या राजाने आपल्या वसाहतीच्या कारभारी मंडळावर नेमलेला एक बडा माणूस केसांच्या टोपाच्या पेटीत चहा लपवतो आणि भर सभेत डोकं खाजवतो, तर टोपातून चहापत्ती गळते.

बायका हसून हसून लोळल्या. "बॉस्टनचा कुणी वकील असणार," थँकफुलबाई म्हणाल्या. "बाईमाणसाला असलं कुठलं सुचायला!"

मी आपली मान डोलावली. माझं सूत मात्र सारखं तुटत होतं.

मग एकजण ओरडली, "अगं केझाया, हे तर तुझे भाऊजी! मांडीवर पेटी घेऊन बग्गीतून फिरतात ते!"

"गुरुवारी प्रवचन सुटलं की आमचे पुरुष जाणारच आहेत त्यांचा राजीनामा घ्यायला," थँकफुलबाई म्हणाल्या. "आता अंगावर ओतायला गरम डांबर आणि वर चिकटवायला पिसंही नेतील बघ."

ताई, ती पेटी उघडी, आत चहा, अशी मी तुझ्याच घरी पाहिली होती. नाटुकलं कुणाचं, हे तू कधीच ओळखलं असशील. म्हणूनच माझ्या पत्रांना उत्तर नाही ना?

भाऊजींनी राजाने दिलेली मंडळावरची खुर्ची घेतली, ते चूकच. मी पुन्हा लिहीन. लिहायला घेतलंयसुद्धा. पण लोकांनी हसावं, त्यांनी लाजून खुर्ची सोडावी, एवढंच मला हवं होतं गं! डांबर नको होतं. कालपासून एका जागी बसवत नाही.

त्यांना सांग, उद्याच राजीनामा लिहून दारावर लावा. नाही ऐकलं, तर गुरुवारी मी तुझ्या पायरीवर उभी असेन. ते नाटुकलं माझं, असं सगळ्यांना ओरडून सांगेन. डांबर ओतायचंच असेल तर आधी माझ्यावर ओता म्हणेन. भाऊजी मला घरात घेणार नाहीत, नाही तर नाही. मुलींना मागच्या खोलीत ठेव. आणि काहीही ऐकू आलं तरी दार उघडू नकोस.

तुझीच, पण तुमच्या बाजूची नव्हे,
केझाया