मापाला माणूस

बोरी अरब
रविवार, दि. ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय निकिता,

आज सकाळी सातला शेजारच्या लालसिंगच्या गाडीवर निघालो. नेर गावाकडच्या चार खेड्यांत फिरलो, गुराढोरांचे पाच जुने कोठे पाहिले, फोटो काढले, साडेचारला घरी आलो. कॅमेरा लखनचाच नेला होता. त्याच्या वहीतल्या यादीत एवढेच पाच राहिले होते. इंद्रजीतबद्दल तू मला विचारलंस त्याला दीड महिना झाला आणि मी हो की नाही काहीच कळवलं नाही, हे विसरलेलो नाही. फोनवर मला असलं बोलता येत नाही. तुझी सासू बसंती असती तर तिनेच तुला फोन केला असता.

कोठ्यांचं सांगतो. एक पडला आहे, नुसते सागवानी खांब उभे. एकाच्या छपरावरचे कवेलू काढून टिनपत्रे टाकलेत, आत बैल नाहीत, फवारणीचे पंप आणि मोटारसायकल आहे. सगळीकडे लोकांना वाटलं, आम्ही जुनं सागवान घेणारे. एक म्हातारबुवा तर दारातच आडवे आले. “खांब विकाचे नाहीत, पुढं व्हा.” लालसिंग म्हणाला, “आमी फोटोवाले आहो, बाबा.” तसे ते म्हणाले, “मंग थांबा ना, टोपी घालून येतो.”

फोटो कसा घ्यायचा ते कळेना, म्हणून कॅमेऱ्यातले लखनचे जुने फोटो पाहिले. प्रत्येकात खांबाशेजारी तू उभी आहेस. मी त्याला एकदा टोचून बोललो होतो, “कोठ्याचे फोटो काढतं का बायकोचे?” तो हसला नाही. म्हणाला, “बाबा, ते माप आहे. निकिता पाच फूट एक इंच. तिच्यावरून खांब किती उंच ते कळते.” मला ते आज पटलं. माणसाशिवाय काढलेल्या फोटोत कोठा केवढा आहे, काही समजत नाही. मग लालसिंगला उभं केलं. “धावजीभाऊ, मले काय बांबू समजून राह्यले का?” म्हणून कुरकुरला, पण उभा राहिला. वर पोट आत ओढून धरलं. मी म्हटलं, रुंदी नाही मोजायची, श्वास सोड.

शेवटचा कोठा चंदाबाईंचा. तुम्ही दोघं तिथे एकदा गेला होतात आणि उजेड गेला म्हणून फोटो राहिला, असं वहीत लिहिलं आहे. बाई आत तुरीचं कुटार भरत होत्या, बारीक भुसा नुसता उडत होता. कॅमेरा बघून त्यांनी ओळखलं. मी लखन गेल्याचं सांगितलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. नंतर म्हणाल्या, “अन् ते पोरगी? डोक्यात सारं कुटार भरलं होतं, तरी हासूनच राह्यली होती. तिले काहून नाही आणलं?” मी म्हटलं, ती अमरावतीला नोकरीवर असते. त्यांनी विचारलं, “हासते ना तशीच?” मी हो म्हणालो. ते खोटं होतं.

तीन वर्षं तू दर सुट्टीला येतेस, घर झाडतेस, दळण आणतेस, माझ्यासमोर गप्प बसतेस. मला ते बरं वाटत होतं. उत्तर न देण्याचं कारण भावकी नव्हे. ते काय म्हणतील ते मी पाहून घेईन. तू गेलीस तर या घरात लखनचं नाव घेणारं दुसरं कोणी राहणार नाही, ही माझी भीती होती. तिच्यापायी तुला थांबवून ठेवलं, हे चुकलं. हे सांगण्यासाठीच पत्र लिहायला घेतलं. इंद्रजीतला हो म्हण. त्याच्या घरच्यांना सांग, लग्नाची बोलणी करायला मी येईन. तुझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही तर त्यांच्याशेजारी बसेन.

लालसिंग त्याच्या घरी गेला. दोरीवर माझे दोन सदरे सकाळपासून वाळत आहेत. ते काढतो आणि घड्या घालून ठेवतो.

तुझेच,
बाबा