घोट्यावरचे चोपन्न ठोके

सोमवार, ३ तारीख

सकाळी साडेदहाला पोचले. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली कपडे धुऊन देणारं दुकान. जिन्यात साबणाचा आणि गरम इस्त्रीचा वास येतो, तो मला आवडला. पलंग, टेबल, एक खुर्ची, आणि रस्त्याकडे मोठी खिडकी. घरमालकीण म्हणाली की नळ डावीकडे फिरवला की पाणी येतं, उजवीकडे फिरवला की नुसता आवाज येतो. मला हसू आलं. किती दिवसांनी.

काम सहा आठवड्यांचं आहे. मनगटावर घालायचे ते फिटनेस बँड ही मंडळी तपासतात. बँड अंगावर कुठे घातला म्हणजे कॅलरींचा आकडा बरोबर येतो, हे त्यांना ठरवायचं आहे. त्यासाठी माझ्यासारखी साधी, पन्नाशीच्या आतबाहेरची माणसं हवी होती. जाहिरात नणंदेने पाठवली. आठ महिने मी घरात बसून आहे, हे तिला बघवत नव्हतं.

फोनवर त्यांनी सांगितलं, उद्या नऊला या. मला कुणीतरी ठरल्या वेळी बोलावलं आहे, एवढ्यानेच बरं वाटलं.

मंगळवार, ४ तारीख

कामाची पद्धत लिहून ठेवते. चार बँड बांधतात. एक डाव्या मनगटावर, हाडाच्या दोन बोटं वर. एक दंडाला, एक पोटाला पट्ट्याने, एक घोट्याला. तोंडावर मुखवटा, त्याची नळी यंत्रात. श्वासावरून ते यंत्र सांगतं की शरीराने खरोखर किती कॅलरी जाळल्या. मग वीस मिनिटं सरकत्या पट्ट्यावर चालायचं आणि कोणता बँड यंत्राच्या जवळ जातो ते बघायचं.

माझे आजचे आकडे: यंत्र सत्तर, मनगट एक्याऐंशी, दंड बहात्तर, पोट पंचावन्न, घोटा एकशे चार.

बँड बांधणारी मुलगी चटपटीत आहे. सगळे तिला मापवाली म्हणतात. ती म्हणाली, एका माणसाच्या अंगावर चार बँड म्हणजे एका घरात चार जावा, एकीचं दुसरीशी जुळत नाही. माझ्याबरोबर एक आडदांड माणूस आहे, पूर्वी ट्रक चालवायचा. त्याला पैलवान म्हणतात. मनगटाचा बँड त्याला पुरेना, तेव्हा तो म्हणाला की माझ्या अंगठ्याला बांधा आणि सुटका करा. मापवालीने खरंच अंगठ्याला लावून बघितला. आकडा आला नाही, पण सगळे हसले.

गुरुवार, ६ तारीख

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. इथे लिहिते.

माझ्या उजव्या घोट्याला आधीपासून एक बँड आहे. ह्यांचा. नणंदेने ह्यांना पन्नासाव्या वाढदिवसाला दिला होता. रोज आठ हजार पावलं. बसल्या जागी नाडी चोपन्न, याचा ह्यांना फार अभिमान होता. आल्या-गेल्याला मनगट दाखवायचे. माझी बहात्तर, तर म्हणायचे, तू बसल्या बसल्या कुठे धावत असतेस?

हे गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी ह्यांचा फोन थरथरला. ‘आज आपण अजून हललेला नाहीत.’ घर माणसांनी भरलेलं होतं. मी बँड उचलला आणि मोरीत जाऊन बांधला. माझ्या मनगटातून तो निसटायचा, म्हणून घोट्याला. आणि मागच्या गल्लीतून चालून आले. रात्रीपर्यंत आठ हजार झाली.

त्या दिवसापासून एकदाही चुकलेलं नाही. ताप असतानाही. ह्यांच्या नावापुढे शून्य बघायला लागू नये, एवढंच.

इथे मापवालीला सांगितलं की घोट्याला जुनी दुखापत आहे, म्हणून पट्टी. ती डाव्या घोट्याला बांधते.

सोमवार, १० तारीख

आज बसून नाडी बघत होते. मनगट एकाहत्तर, दंड एकाहत्तर, पोट सत्तर. डावा घोटा चोपन्न.

मापवालीने बँड बदलला. चोपन्न. घोट्याच्या कातडीत बँडचा उजेड नीट पोचत नाही, असं ती म्हणाली आणि पुढे गेली.

मी खुर्चीत बसून त्या आकड्याकडे बघत राहिले. त्रेपन्न, चोपन्न, चोपन्न. ह्यांच्यासारखंच, सावकाश, कुठे जायची घाई नसल्यासारखं. मी रडले नाही. पाय जरा पुढे घेतला, म्हणजे नीट दिसेल.

आज बऱ्याच दिवसांनी भूक लागली. चार अंडी खाल्ली.

बुधवार, १२ तारीख

आज विश्रांतीची चाचणी होती. अर्धा तास कॉटवर पडून राहायचं, बोलायचं नाही. माझ्यासारख्या बाईची मिनिटाला जेमतेम एक कॅलरी जळते. यंत्राने दोन दाखवल्या. मापवालीने नळी बदलली, मुखवटा बदलला, मला पाणी पाजून पुन्हा झोपवलं. दोन.

मनगटाचा बँड मात्र एकच दाखवत होता.

तिने वैतागून कपाळाला हात लावला. कुणी दुसरं तुमच्या नाकाने श्वास घेतंय का, म्हणाली. गंमत केली तिने. मीही हसले. मुखवटा काढल्यावर मला बराच वेळ उठवेना.

शनिवार, १५ तारीख

वजन एकोणपन्नास होतं, आज सेहेचाळीस. दोन माणसांचं जेवते. केळी, ब्रेड, भात, जे मिळेल ते. खाली उतरताना कठडा धरावा लागतो.

आणि पाय. घोट्याखाली मला पाय कळत नाहीत. नेलकटरचं टोक टोचून बघितलं. रक्त आलं, दुखलं नाही. पण चालतात. माझ्यापेक्षा बरे चालतात.

नणंदेचा फोन आला. आवाज असा का येतोय, विचारत होती. मी म्हटलं, काम नवीन आहे, दमते.

दमते हे खरं. आठ महिने दोघांचं चालते आहे, हे तिला कसं सांगणार?

सोमवार, १७ तारीख

पोटाचा बँडही चोपन्न.

खोलीवर येऊन ह्यांचा बँड सोडला. टेबलाच्या खणात ठेवला, खण बंद केला. मनातल्या मनात ह्यांना सांगितलं की आता पुरे, मला जरा बसू द्या. आणि खुर्चीत बसले.

दहा मिनिटं बसले असेन. पाय उठले. मी उठले नाही, पाय उठले. खिडकी ते दार, दार ते खिडकी. मी टेबल धरलं तर टेबल ओढत नेलं. खालून दुकानदाराने ओरडून विचारलं, काय हलवताय?

दीड तासाने थांबले. ह्यांच्या फोनवर आकडा आला. आठ हजार. बँड खणातच होता.

मंगळवार, १८ तारीख

दंडही गेला. चोपन्न. डावा हात उचलायला सांगितला की जरा उशिरा उचलतो, कुणाला विचारून आल्यासारखा.

इथल्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी घोट्यावर बोट ठेवून नाडी मोजली, मग दंडावर. म्हणाल्या, तुमची नाडी एखाद्या पोहणाऱ्याची आहे, काळजी नको. वजनाचं म्हणाल्या की नीट खा, दुःखात माणसं वाळतात.

गुरुवार, २० तारीख

आज मनगटही. चारही बँड, चालण्याच्या चाचणीत, एकच आकडा. मुखवट्याचं यंत्रही तोच. कणभर फरक नाही.

मापवालीला आनंद आवरेना. तिने वरच्या साहेबांना बोलावलं. ते येऊन कागद बघून गेले. कुठेही घाला, आकडा बरोबर, असं पहिल्यांदाच झालं म्हणे. माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. दोन महिने काम वाढवून देणार आहेत.

पैलवान तेवढा हसला नाही. बाहेर बाकावर माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला,

“ताई, रागावू नका. तुम्ही आलात तेव्हा बाईमाणसासारख्या चालायच्या. आता त्या पट्ट्यावर कुणी बाप्या चालतो. मी समोरच्या आरशात बघत होतो. तोंड तेवढं तुमचं.”

तो म्हणाला, घरचं कुणी असेल तर बोलवा.

शुक्रवार, २१ तारीख

नणंदेला सगळं सांगितलं. मोरीतला बँड, गल्ली, आठ हजार. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

“वहिनी, दादा गेला. मी त्याचा हात धरून बसले होते. हे जे चालतंय तो दादा नाही. दादाने तुला दोन पावलंसुद्धा दमवलं नसतं.”

हे खरं आहे. हे एवढं साधं मला सुचलं नव्हतं. पाऊस असला तर ह्यांनी मला दुकानात पाठवलं नाही कधी.

मग हे कोण — आठ महिने मी कुणाला —

ती उद्या दुपारी दोनपर्यंत इथे पोचते. तोवर कुणाचं ऐकू नकोस, बसून राहा, म्हणाली. बसून राहा.

शनिवार, २२ तारीख, सकाळ

पाय पहाटेपासून चालत आहेत. चालता चालता लिहिते, वही खिडकीच्या कट्ट्यावर. तिथे आले की एक ओळ, मग दारापर्यंत जाऊन परत.

ह्यांच्या फोनवरचं बँडचं खातं बंद करायला गेले. फोन म्हणाला, ओळख पटवण्यासाठी बँड मनगटावर घाला. घातला. ओळख पटली. वर ह्यांचं नाव. खाली लिहिलं होतं, ‘आपल्या बँडवर दुसऱ्या व्यक्तीची नोंद अधूनमधून येत आहे. ती काढून टाकू?’

मी ‘नाही’ दाबलं. डावा हात मधे आला. उजव्याने त्याला धरून पुन्हा ‘नाही’ दाबलं.

दुसरी व्यक्ती म्हणजे मी. म्हणजे मी अजून कुठेतरी आहे.

साडेअकरा

शोधते आहे. बँड जागोजागी लावून बघते. गुडघा चोपन्न. मांडी चोपन्न. पोट, बरगडी, छाती — छातीवर चोपन्न. खांदा चोपन्न. उजवं मनगट सत्तर. सत्तर! लिहिणारा हात आहे माझा.

मला जगायचं आहे. आठ महिन्यांत हे एकदाही वाटलं नव्हतं. नणंदेला सांगायचं आहे, मला तुझ्या घरी ने, पलंगावर झोपव आणि कुणाला उठवू देऊ नकोस.

पाऊण

उजवं मनगट चोपन्न झालं. बोटांतलं पेन अजून माझं ऐकतं. थोडं उशिरा.

मानेवर, डाव्या कानाखाली, एकोणसत्तर.

हात बँड धरून ठेवत नाहीत, म्हणून तो हनुवटी आणि खांद्यात दाबून धरला आहे. जोवर आकडा दिसतो तोवर मी आहे. फोन कट्ट्यावर उभा केला आहे. सव्वा तास. फक्त सव्वा तास.

दीड

एकोणसत्तर. मान आखडली. हलवायची नाही.

पाय थांबले. कधीचे थांबले, कळलं नाही. दाराकडे तोंड करून उभे आहेत. वही हातात. कट्टा मागे राहिला. फोन दिसत नाही — बँडच थरथरतो, प्रत्येक ठोक्याला — मोजते —

दोन

जिन्यात ती आहे. साबणाच्या वासातून तिची चप्पल ओळखू येते. हाक मारते आहे, वहिनी, वहिनी.

तोंड उघडत नाही — माझं तोंड तेवढं —

ठोके मोजते. एक. दोन. मधे फार वेळ जातो. बँड घसरला असेल. घसरलाच असेल. हनुवटीने जरा वर, कानामागे सरकवते, तिथे नक्की —

डावा हात कडीकडे गेला. ती आत येईल, तिला वाटेल मीच — तिने आधी माझ्या कानामागे हात लावून बघावं, आधी तिथे, मगच —