हौश्याची जोडी

तीर्थरूप आबांना लेक सुभद्रेचा, पायांवर डोके ठेवून नमस्कार.

कबऱ्या दोन दिवसांत उठेल असे मागच्या पत्रात लिहिले, ते चुकले. संक्रांतीला हलक्या दमणी-गाड्यांच्या धावेत बाळापूरहून अकोल्यापर्यंत तुम्ही आंदण दिलेली हौश्या-कबऱ्याची बैलजोडीच पुढे होती. वेशीत येऊन कबऱ्या खाली बसला आणि दुसऱ्या सकाळी गेला.

मी बरी आहे. जेवते. रडू आले नाही. सासूबाई म्हणतात, "कावून अशी बसून राहिली वो? बैलच होता ना!"

धावेसाठी सगळ्यांची नावे मीच लिहून घेतली, त्यात आपले पहिले. हौसेने दमणीत बसलेही. माझे ओझे जास्त झाले असेल का? तुम्हाला बैलांचे कळते, खरे तेच सांगा. आईचे गुडघे कसे आहेत?

हौश्या रिकाम्या दावणीकडे तोंड करून उभा असतो. हे म्हणतात, "शिवरात्रीले नवा जोडून पुन्हा पळवतो." हौश्या पळेल. तो नाही म्हणत नाही.

इथून कापसाच्या गाड्या आपल्या अमरावतीला निघतात. यांना आदल्या दिवशी सांगेन आणि हौश्याला घेऊन त्या गाड्यांबरोबर येईन. गोठ्यात जागा करून ठेवा.

तुमची सुभद्रा

निघणार बुधवारी, माघी पौर्णिमेला.